मोराच्या मानेवरची तीट

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. एका म्हाताऱ्या माणसाने मला बजावलं होतं, जसं आहे तसं उतरवा. मी त्यातलं एक भोक बुजवलं. एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. पण नंतर त्याच माणसाने मला सरळ प्रश्न विचारला आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्यानंतरचे सात-आठ महिने कसे गेले ते मलाच माहीत. बायकोला थोडंफार माहीत आहे, कारण त्या काळात मी घरात एका जागी बसत नव्हतो.

सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. चादरी आणि टॉवेल यांची डिझाइनं मी संगणकावर काढून देतो. मी मूळचा मैंदर्गीचा. विशीत सोलापुरात आलो तेव्हा ताणा कुठला आणि बाणा कुठला हेही मला कळत नव्हतं. ते ज्यांनी शिकवलं, त्यांचीच ही गोष्ट आहे. ते शहराच्या पूर्व भागात राहतात. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांच्यापेक्षा लहान असलेले सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हापासून म्हणतात. तेव्हा ती चेष्टा होती. मग तेच नाव पडलं.

मामा पत्ते पाडायचे. जकार्डच्या मागावर नक्षी विणायची तर पुठ्ठ्याचे लांबट पत्ते लागायचे. एक पत्ता म्हणजे विणीची एक ओळ. पत्त्यावर भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका नक्षीला असे काही शे पत्ते. प्रत्येकावर पेन्सिलने नंबर टाकायचा, दोरीने एकमेकांना बांधायचे आणि ती माळ मागाच्या डोक्यावर फिरत ठेवायची. मामा ग्राफच्या कागदावरची नक्षी बघून भोकं पाडायचे आणि मामी ते पत्ते ओवायच्या. पुढे संगणक आले आणि पत्त्यांचं काम गेलं. ते काम ज्यांच्यामुळे गेलं, त्यांत मीही एक होतो. मामांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

माझी पुतणी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. एका रविवारी तिचा फोन आला.

"काका, तुमच्याकडे एखादी लहान फाइल आहे का? लहान म्हणजे खरंच लहान. पण जपून ठेवावी अशी वाटणारी."

"फोटो चालेल?"

"फोटो मोठा होतो हो. आम्ही डीएनएत लिहून बघतोय. लिहिणं अजून फार हळू आणि किचकट आहे."

"डीएनए म्हणजे कुणाचा? तुझा?"

ती खळखळून हसली. "कुणाचाच नाही. बाटल्यांमधल्या रसायनांपासून यंत्र तयार करतं. जिवंत काही नसतं त्यात."

मग तिने समजावून सांगितलं. संगणकात सगळं शून्य आणि एक यांत असतं, ते मला माहीत होतं. डीएनएत चार अक्षरं असतात, ए, सी, जी आणि टी. दोन शून्यं आली की ए लिहायचा, शून्य-एक आलं की सी, असं आधी ठरवून टाकायचं. मग फाइलमधले शून्य-एक त्या अक्षरांत जातात आणि यंत्र ती अक्षरं एकापुढे एक जोडत जातं. कोरडं, थंड आणि अंधारात ठेवलं तर हजारो वर्षं टिकेल अशी आशा आहे. पण लांबलचक धागा नीट बनत नाही. म्हणून मजकुराचे आखूड तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात त्याचा नंबरही लिहितात.

"अगं, हे तर पत्ते झाले," मी म्हणालो.

"कसले पत्ते?"

मी सांगितलं. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य, प्रत्येक पत्त्याला नंबर. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, हेच द्या मला. फक्त आमच्याकडे ओवायला कुणी नसतं. सगळे तुकडे एकाच नळीत मिसळलेले असतात. वाचताना नंबरावरून जुळवून घ्यायचे."

त्याच संध्याकाळी मी मामांकडे गेलो. त्यांच्या पुतण्याने घर पाडून नवं बांधायला काढलं होतं, सामान हलवायचं चाललं होतं. माळ्यावर पत्त्यांची पोती होती, त्यातली बरीचशी उंदरांनी खाल्लेली. मी सगळं समजावून सांगितल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला, "किती डिझाइन बसतंय त्यात?"

"एक."

"मग नेमली घ्या."

नेमली म्हणजे तेलुगूत मोर. घरातला शब्द ते मराठी बोलतानाही तसाच वापरतात. मोराची ती चादर त्यांनी ऐन उमेदीत पाडली होती. इतकी फुलं, वेली, चौकडे पाडलेल्या माणसाने क्षणाचाही विचार न करता मोर मागितला, तेव्हाच मी का म्हणून विचारायला हवं होतं. मी पोतं उचललं. दारात त्यांनी माझा दंड धरला.

"मास्तर, जसं हाय तसं उतरवा. शाणपणा करू नका, काय?"

"नाही हो मामा," मी हसून म्हणालो.

काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावून एकेक पत्ता ठेवायचा, मोबाइलने फोटो काढायचा, भोकं मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालायचा. आठवडाभर हेच चाललं. पत्ते ओल लागून फुगलेले, कडा कुरतडलेल्या. दोन भोकांमधला पुठ्ठा फाटून त्यांचं एकच भगदाड झालेलं, असं कितीतरी ठिकाणी होतं. तिथे मी शेजारच्या ओळी बघून ठरवायचो, इथे भोक असणार, इथे नसणार. दुरुस्ती करत करत माझा हात सरावला होता. शेवटी पडद्यावर मोर उभा राहिला. उत्तम काम होतं. फक्त मानेवर, जिथे सगळा निळा भाग सपाट जायला हवा, तिथे एक पांढरा ठिपका होता. मोहरीएवढा. कुठल्याही नक्षीत न बसणारा. एका पत्त्यावर एक भोक जास्त.

मी तो पत्ता काढून बघितलासुद्धा. भोक स्वच्छ होतं, फाटलेलं नव्हतं. म्हणजे पाडतानाच चुकलेलं. मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो. इतक्या वर्षांनी गुरूची एक चूक सापडली होती. हजारो वर्षं टिकणाऱ्या गोष्टीत मामांची चूक कशाला ठेवायची, असं मी स्वतःशी म्हणालो आणि एका क्लिकमध्ये ठिपका घालवला. कितवा पत्ता, ते लिहूनही ठेवलं नाही.

फाइल पुण्याला गेली आणि मी पोतं मामांकडे परत नेलं. पत्त्यांचं काय करायचं म्हणून मामांनी विचारलं. "बांधकाम हाय. ठेवायला जागा कुटं हाय हितं?" ते म्हणाले. पण त्यांचा हात पोत्यावरच होता. मी टाकू नका म्हणावं असं त्यांना वाटत होतं, एवढं मला आता कळतं.

"मामा, आता पत्त्यांची गरजच नाही," मी म्हणालो. "नळीत गेलं की तुम्ही-आम्ही सगळे संपलो तरी मोर राहील."

रद्दीवाल्याच्या हातगाडीवर ते पोतं मीच चढवलं. फोनमधले फोटो त्याच आठवड्यात पुसले. फोन भरला होता आणि बायको वैतागली होती. "घरातल्या माणसांचा एक फोटो नाही, नुसती भोकं," ती म्हणाली. संगणकावरची मूळ प्रतही मी दुरुस्त केलेल्या फाइलने बदलून टाकली. नीटनेटकेपणाची सवय, दुसरं काय.

दोन-अडीच महिन्यांनी पुतणी नळी घेऊन आली. मामांच्या नव्या घराच्या पुढच्या खोलीत गिलावा अजून ओला होता. शेजारच्या चार-पाच बायका बाहेर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, त्या तशाच उठून आत आल्या. नळी करंगळीच्या पेराएवढी. तळाशी काही असेल-नसेल असं वाटणारा एक डाग.

"ह्यात काय दिसंना की," मामा म्हणाले.

"दिसायचं नाही मामा. वाळवलेलं आहे. पण मोर त्यातच आहे, आणि एकदा नाही, लाखो वेळा आहे."

"रिकामी नळी देऊन फसवायलेत बघा तुमाला," एक बाई म्हणाली. "मोर उडून गेला वाटतं."

"उडून जातो कुटं? माज्या हातचा हाय," मामा म्हणाले, आणि सगळ्या हसल्या.

पुतणीने एक चित्रही आणलं होतं. तसल्याच दुसऱ्या नळीतला डीएनए यंत्राने वाचला, तुकडे नंबरावरून लावले, आणि जो मोर निघाला तो कागदावर छापून तिने चौकटीत बसवला होता. यंत्र लिहिताना चुकतं, वाचतानाही चुकतं, पण चुका पकडण्यासाठी जादा तुकडे घालून ठेवलेले असतात, त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळाली, हे तिने अभिमानाने सांगितलं. मामा ऐकत नव्हते. त्यांनी कपाटातून जुनं भिंग काढलं होतं आणि पूर्वी पत्ते तपासायचे तसे शेपटीपासून एकेक ओळ वर येत होते. मानेपाशी थांबले. भिंग जवळ घेतलं. लांब धरलं.

"तीट कुटं हाय?"

"कसली तीट?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. मोराचं काम शेवटाला आलेलं असताना त्यांचे डोळे आले होते. डोळे उघडवत नव्हते आणि कारखानदाराला पत्ते उद्याच्या उद्या हवे होते. मामी आयुष्यभर पत्ते ओवत आल्या होत्या, पण पाडले नव्हते कधी. त्या दिवशी त्या भोकं पाडायच्या यंत्रावर बसल्या आणि ग्राफ बघून राहिलेले चाळीसेक पत्ते त्यांनी पाडले. मामा डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून शेजारी पडून होते, नुसता आवाज ऐकत. चादर मागावर चढली तेव्हा मोराच्या मानेवर ठिपका निघाला. कारखानदार म्हणाला, कागद चिकटवून भोक बुजवा. मामी म्हणाल्या, राहू द्या, लेकराला तीट लावतात तशी लावलीय, मोराला नजर लागायची न्हाय. कारखानदारही हसला. भोक राहिलं.

"तिच्या हातचं तेवढंच हाय," मामा म्हणाले. "बाकी पत्ते बरोबर पाडली ना, ते माज्यासारकेच दिसत्यात. चुकली ते तिचं."

मामींना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घर बदलताना त्यांच्या साड्यासुद्धा वाटून टाकल्या होत्या.

मामांनी चित्र खाली ठेवलं आणि नळी उचलली. "ह्या कागदावर न्हाय आली. नळीत हाय न्हवं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"आहे की," मी म्हणालो. "छापताना बारीक ठिपके जातात मामा. नळीत आहे."

"मग झालं," ते म्हणाले. मामींची कुंकवाची स्टीलची डबी होती, ती पुसून तिच्यात कापूस घातला आणि नळी ठेवली.

स्टेशनकडे जाताना रिक्षात पुतणी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काका, चित्रात एक आणि नळीत एक असं होत नाही. सगळं तंतोतंत जुळलंय."

मी तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "यंत्राची चूक असती तर आम्ही पकडली असती. तुम्ही केलेला बदल त्याला कसा कळणार? आम्ही तो अगदी काळजीने जपलाय." आणि गाडीत चढताना, "सांगाल ना त्यांना?"

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. त्याऐवजी मी शोधायला लागलो.

आधी फोन घेऊन सात रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. पुसलेले फोटो परत आणून देतो अशी पाटी होती. दोन दिवसांनी त्याने मला मेव्हण्याच्या लग्नातली पंगत, विजेची तीन बिलं आणि माझ्याच अंगठ्याचा एक फोटो परत दिला. पत्ता एकही नाही. मग रद्दीवाल्याकडे. "पुठ्ठा व्हय?" तो म्हणाला. "पुठ्ठा आठ दिस बी थांबत न्हाय हितं. लगदा झाला आसंल कवाच." मग मला वाटलं, पत्ते गेले तरी चादरी असतील. त्या पत्त्यांवर कितीतरी विणल्या होत्या. एखादी तरी कुठेतरी कुणाच्या अंगावर असेल. तो कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण चादर काय, पंचवीस-तीस वर्षं सहज टिकते.

तेव्हापासून मला कुठेही चादर दिसली की चैन पडेना. वाळत घातलेल्या चादरींपुढे स्कूटर थांबवायचो. लग्नाला गेलो की जेवायच्या आधी वऱ्हाडाच्या खोलीत अंथरुणं उलटी करून बघायचो. नातेपुत्याला कामासाठी गेलो तेव्हा एका लॉजच्या गाद्यांवर मोर आहेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मुद्दाम तिथे खोली घेतली. मोर होते, पण दुसरेच, आखूड शेपटीचे. मी तीन खोल्यांमधल्या चादरी बघितल्यावर मॅनेजर म्हणाला, "पाव्हणं, झोपायला आलाय का चादरी न्यायला? काय ते एकदाच सांगा की."

मैंदर्गीला आईची ट्रंक उपसली. आई दारात उभी राहून बघत होती. "काय हुडकायलास रे?" तिने विचारलं. मी म्हणालो, चादर. तिने अंगावरची काढून दिली. "ही घे. थंडी वाजायली का?" दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन रणरणत होतं.

आणि बायको. एकदा तिच्या मावशीकडे गेलो असताना मी आतल्या खोलीत पलंगापाशी वाकलेला तिला दिसलो. परतताना तिने स्कूटर थांबवायला लावली. "अहो, लोकांच्या अंथरुणात काय डोकावता? मावशी मला विचारायल्या, जावयाला ढेकूण दिसले का म्हणून." मी हसलो नाही, तेव्हा तिने नीट विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग चादर सापडली की मामांना खरं सांगणार, का सांगावं लागू नये म्हणून शोधताय?"

मी स्कूटर सुरू केली.

तिने दुसरं जे म्हटलं, तेच खरं होतं. चादर सापडली असती तर मी ठिपक्याची जागा मोजली असती, पुतणीच्या हातापाया पडून नवी नळी करवून घेतली असती, आणि डबीतली गुपचूप बदलली असती. मी चादरीशिवायही ते करून बघितलं. फाइल उघडून बसायचो. मानेवर एक चौकोन पांढरा करायचो. मग वाटायचं, दोन ओळी वर होता. मग वाटायचं, डावीकडे. कुठेही ठेवला तरी बरोबरच वाटायचा, तेच वाईट होतं. पुसून टाकायचो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो.

या सगळ्यात मामांकडे जाणं बंद करता येत नव्हतं. तेच बोलवायचे. कुणी पाहुणा आला की डबी उघडायची आणि मला म्हणायचे, सांगा की मास्तर. मी ए, सी, जी, टी सांगायचो, तुकडे आणि नंबर सांगायचो. शेवटचं वाक्य मामांचं असायचं. "आनि आमच्या हिची तीट बी हाय त्यात." पाहुणा माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो. किती वेळा हलवली ते आता आठवत नाही.

मग त्यांच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचं ठरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मामांना नळी घेऊन बोलावलं. मामा मला म्हणाले, "तुमी बोला. आनि तिचं बी तुमीच सांगा. माज्यानं व्हनार न्हाय."

म्हणजे आता नुसती मान हलवून भागणार नव्हतं. मला तोंडाने बोलावं लागणार होतं, शाळेतल्या पोरींसमोर.

त्या सकाळी मी तासभर आधीच गेलो. मामा तयार होऊन बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर डबी. बाहेर बायकांचं विड्या वळणं चालू होतं. मी खुर्चीवर बसलो नाही. खाली त्यांच्या पायांशी बसलो आणि सांगितलं. ठिपका दिसला, मला तो चूक वाटला, मी पुसला. नळीत तो नाही, कधीच नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं. फोटो गेले, पत्ते गेले, चादर शोधतोय, सापडत नाही. मी बोलतच राहिलो. फोनचं दुकान, लॉज, आईची ट्रंक, सगळं सांगितलं, जणू त्या धावपळीचं काही वजन होणार होतं.

मामांनी डबी उघडली, नळी उजेडासमोर धरली.

"पुसताना हात थांबला का जरा?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "नाही थांबला," मी म्हणालो.

"थांबला आसता तर इचारला आसता तुमी." एवढंच ते म्हणाले. आवाज चढला नाही.

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला जागा आठवत असेल. तुम्ही दाखवा. नवी नळी करता येईल."

"जागा ठाव हाय मला. डोळे मिटून सांगतो." त्यांनी नळी कापसात ठेवली. "पन मी सांगून टाकली तर ती माजी हुतीया. तिची कशी हुईल?"

ते उठले. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी पायात चपला घातल्या, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"चला. उशीर व्हायलाय."

"शाळेत? मामा, आता काय सांगू तिथे?"

"हितं सांगितलं तेच सांगा."

स्कूटरवर ते मागे बसले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, खड्डा आला की घट्ट व्हायचा. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की घरात मी इतकं बोललो, पण माझं चुकलं असं एकदाही म्हणालो नव्हतो. काय झालं ते सगळं सांगितलं होतं. कसं झालं, का झालं, नंतर मी किती फिरलो, सगळं. ते दोन शब्द तेवढे राहिले होते.

शाळेच्या मोठ्या वर्गात टेबलं मांडली होती. मुली भोवती उभ्या होत्या. आमच्या टेबलावर मोराची चौकट होती आणि तिच्यापुढे मामांनी डबी उघडी करून ठेवली. बाईंनी माझी ओळख करून दिली. मी पत्त्यांबद्दल सांगितलं, चार अक्षरांबद्दल सांगितलं. एका मुलीने विचारलं, "सर, लिहिताना चुकलं तर कळतं का?"

"यंत्राचं चुकलं तर कळतं," मी म्हणालो, आणि थांबलो. मामा भिंतीलगत खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर दोन्ही हात. मी मुलींकडे पाठ केली, तसं करायला नको होतं, पण केली, आणि त्यांच्याकडे बघून बोललो.

"मामा, या मोराच्या मानेवर मामींच्या हातची तीट होती. तुम्ही मला जसं आहे तसं उतरवा म्हणाला होतात. मी ती न विचारता पुसली. पत्ते माझ्या सांगण्यावरून गेले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि नंतर पाहुण्यांपुढे दर वेळी बोलत राहिलो. मामींचं तेवढंच राहिलं होतं, ते माझ्या हातून गेलं. ते मला परत आणता येत नाही. माझं चुकलं, मामा. मला माफ करा."